समुद्रावरचा चातुर्मास

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या कार्यवाहांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याविषयी आम्हांस विनंती केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही विद्वान नव्हे, वक्तेही नव्हे. आमचे सारे आयुष्य मालवाहू जहाजांच्या यंत्रखोलीत गेले आणि तेथील गोंगाटात मनुष्याला बोलण्याची सवय राहत नाही. परंतु भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर एका शिडाच्या बोटीत सहकुटुंब काढलेल्या हिवाळ्याची हकीकत सांगा, असा त्यांनी आग्रहच धरला. ती हकीकत निव्वळ प्रवासवर्णन म्हणून सांगण्याजोगी असती, तर आम्ही नकार दिला असता. तिच्यात आमची एक चूक आहे, आणि ती चूक घरोघरी होण्याजोगी आहे. म्हणूनच आपणांसमोर उभे राहण्याचे आम्ही धाडस केले आहे.

आरंभी थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. बावीस वर्षे आम्ही जहाजावर इंजिनियर होतो. सहा महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी, असा क्रम. मुलांचे पहिले पाऊल, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस हे सारे आम्ही छायाचित्रांत पाहिले. घर चालविले ते आमच्या सौभाग्यवतींनी आणि आमच्या मातोश्रींनी. २०१८ साली माल्टा येथील एका जहाज व्यवस्थापन कचेरीत आम्हांस किनाऱ्यावरची नोकरी मिळाली. युरोपातील सर्वांत मोठी जहाजनोंदणी या चिमुकल्या देशाची आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांना तेथे काम असते. आता तरी कुटुंब एकत्र राहील, या आनंदात आम्ही सर्वांना घेऊन तिकडे गेलो. चिरंजीव त्या वेळी चौदा वर्षांचे होते, कन्या दहा वर्षांची. मातोश्रींनी मात्र घर सोडण्यास साफ नकार दिला.

तेथील घरभाडी ऐकून आमचे डोळे पांढरे झाले. त्याच सुमारास अडतीस फूट लांबीची एक जुनी शिडाची बोट विकाऊ असल्याचे कळले. बोट घेऊन तिच्यातच राहिले तर भाडेही वाचेल आणि मुलांना समुद्राचा परिचयही होईल, असा आम्ही विचार केला. खरे सांगावयाचे तर तो विचार आमचा एकट्याचा होता. सौभाग्यवतींनी "तुम्ही ठरविलेच आहे, तर विचारता कशाला?" एवढेच म्हटले. चिरंजीव काहीच बोलले नाहीत. ठाण्यातील शाळा, मित्र आणि आजी सोडून आल्यापासून त्यांनी आमच्याशी बोलणे जवळजवळ टाकलेच होते.

आता या बेटाविषयी थोडेसे. माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेला बेटांचा समूह आहे. त्याचे सारे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईहूनही कमीच. जमीन पिवळसर चुनखडीची आणि घरेही त्याच दगडाची, त्यामुळे सायंकाळी सारे गाव मधाच्या रंगाचे दिसते. वालेटा ही राजधानी १५६५ च्या तुर्की वेढ्यानंतर १५६६ साली वसविण्यात आली. १९६४ साली देश स्वतंत्र झाला, १९७४ साली प्रजासत्ताक झाला आणि २००४ साली युरोपीय संघात गेला. तेथील लोकांची भाषा मोठी कौतुकाची आहे. ती मूळची अरबीच्या कुळातली, परंतु लिहिली जाते रोमन लिपीत, आणि तिच्यात इटालियन शब्दांचा भरणा फार. आमच्या कन्येने आठ दिवसांत शोध लावला की, तेथे जगाला 'दिन्या' म्हणतात, म्हणजे आपली दुनिया, आणि पुस्तकाला 'क्तीब' म्हणतात, म्हणजे आपली किताब.

आपल्या देशाशीही या बेटाचा जुना संबंध आहे. १८७८ साली रशिया व तुर्कस्थान यांच्या तंट्यात इंग्रज सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टास नेले होते. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांची रुग्णालये या बेटावर होती. तेथे मरण पावलेल्या आणि तेथेच अग्निसंस्कार झालेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक पिएटा येथील लष्करी दफनभूमीत आहे. आमची बोट ज्या म्सीदा बंदरात होती, तेथून ते स्थळ चालत जाण्याच्या अंतरावर. आम्ही सर्वजण एकदा तेथे जाऊन फुले वाहून आलो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आपल्यापैकी ज्यांची मुळे कोकणपट्टीत आहेत, त्यांना पावसाळ्यात समुद्र 'बंद' असतो म्हणजे काय, हे सांगावयास नको. जेष्ठात होड्या वर ओढून झापांनी शाकारावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस सागराला श्रीफळ अर्पण करून पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, हा आपला परंपरागत क्रम. सरकारनेही सांप्रत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी ठेवलेली आहे. भूमध्य समुद्राचेही नेमके असेच आहे, फक्त ऋतू उलटा! तेथे उन्हाळा शांत आणि हिवाळा प्रक्षुब्ध. थंड हवा उत्तरेकडून उतरते, समुद्राचे पाणी त्या मानाने उबदार असते, आणि त्यांच्या गाठीतून वादळे उठतात. लाटा आपल्या पावसाळी समुद्रासारख्या लांबलचक नसतात. त्या आखूड, उभ्या आणि एकीमागून एक अशा लागोपाठ येतात. व्हेजेशियस नावाच्या रोमन लेखकाने ११ नोव्हेंबरपासून १० मार्चपर्यंत समुद्र बंद समजावा, असे नोंदवून ठेवले आहे. त्याच्याही कित्येक शतके आधी हेसिअड या ग्रीक कवीने शेतकऱ्यांना सल्ला दिला आहे की, हिवाळ्यात नाव किनाऱ्यावर ओढा, भोवती दगड रचा, तळाची गुडदी काढा म्हणजे पावसाच्या पाण्याने ती कुजणार नाही, आणि सुकाणू घरात चुलीच्या धुरावर टांगून ठेवा. हे वाचून आम्हांस आमच्या आजोळच्या पडवीत आढ्याला टांगलेली वल्ही आठवली.

मातोश्रींना दूरध्वनीवरून आमचा बेत कळला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, समुद्र बंद असताना होडीत का कोणी राहतं?" आम्ही हसून सांगितले की, आई, आमची बोट बंदरात बांधलेली आहे, ती कोठे जात नाही, हा आमचा चातुर्मास समज. चातुर्मासात यती एका जागी राहतात, तसे आम्ही. त्यावर त्या म्हणाल्या, "यती एकटे असतात. तुझ्याबरोबर पोरं आहेत."

बोटीतला संसार कसा असतो, याची कल्पना भगिनीवर्गाला यावी म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. अडतीस फूट लांब आणि रुंदीने जेथे सर्वांत अधिक तेथे बारा फूट, एवढ्यात चार माणसांचे घर. पुढच्या टोकाला मुलांची त्रिकोणी कोठडी, मागे आमची, मध्ये बैठक, तेथेच जेवण, तेथेच अभ्यास. स्वयंपाकाची जागा एका माणसाला उभे राहून वळता येईल एवढीच. शेगडी दोन्ही बाजूंनी खिळीवर टांगलेली, म्हणजे बोट हलली तरी भांडे सरळ राहते. पिण्याचे पाणी टाकीत चारशे लिटर. ते संपले की धक्क्यावरच्या नळाला रबरी नळी जोडून भरावयाचे. पाणी जपून वापरण्याचा धडा त्या बेटावर आपोआप मिळतो. तेथे नदी नाही आणि वर्षाचा पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, आपल्या रत्नागिरीस एकट्या जुलै महिन्यात याहून अधिक पडतो. निम्म्याहून अधिक पिण्याचे पाणी समुद्राचे खारे पाणी गाळून तयार केलेले असते.

थंडी म्हणाल तर बर्फ पडण्याइतकी मुळीच नाही. जानेवारीत दिवसा पंधरा-सोळा अंश, रात्री नऊ-दहा. पुण्याच्या माणसाने हसावे एवढीच. परंतु दगडावरची थंडी निराळी आणि पाण्यावरची निराळी. बोटीचा खरा शत्रू थंडी नव्हे, तो ओलावा. चार माणसांचा श्वास, भाताची वाफ, शिवाय गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होतेच; ही सारी रात्री थंड भिंतींवर जाऊन बसते आणि पहाटे थेंबाथेंबाने अंथरुणावर ठिबकू लागते. पहिल्या महिन्यातच गाद्यांखाली बुरशी धरली. पुस्तकांची पाने फुगली. कन्येला खोकला जडला, तो चार आठवडे गेला नाही. त्या चार आठवड्यांत सौभाग्यवतींच्या मुखावर आम्हांस जे दिसे, त्याकडे आम्ही जाणूनबुजून पाहत नव्हतो. अखेर त्यांनीच मार्ग काढला. गाद्यांखाली लाकडी पट्ट्यांची जाळी करवून घेतली, म्हणजे खालून हवा खेळे. भात शिजविताना झाकण आणि वरची खिडकी चार बोटे उघडी. दररोज सकाळी सर्व भिंती कोरड्या फडक्याने पुसणे, आणि हे काम आळीपाळीने चौघांनीही करणे. धक्क्यावरून वीज घेऊन चालणारे एक शोषक यंत्र आणले, ते रोज दोन-अडीच लिटर पाणी हवेतून ओढून काढी! ऊब मिळावी म्हणून पेटती शेगडी ठेवून दारे बंद करण्याचा मोह कितीही झाला तरी तसे कधी करू नये, ही गोष्ट मात्र आम्ही यंत्रखोलीत शिकलो होतो. बंद जागेत जळणाऱ्या गॅसपासून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायू झोपलेल्या माणसाला उठण्याची संधी देत नाही. बोटींवर दरवर्षी अशी माणसे दगावतात. म्हणून त्या वायूची सूचना देणारी घंटी आम्ही पहिल्याच दिवशी बसविली होती.

धक्क्यावरचा शेजार मोठा मनमिळाऊ होता. हिवाळ्यापुरती तेथे राहणारी फ्रेंच, इंग्रज, जर्मन कुटुंबे होती. कोणाकडे भांडे मागावे, कोणाकडे औजार, कोणाचे मूल आजारी तर कोणी रस्सा आणून द्यावा. चाळीतच राहत आहोत असे वाटे. २०१९ च्या मकर संक्रांतीला सौभाग्यवतींनी तिळगुळाच्या वड्या केल्या. वालेटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिंधी व्यापारी आहेत आणि अलीकडे भारतातून कामासाठी गेलेली माणसेही पुष्कळ, त्यामुळे गूळ मिळण्यास अडचण पडली नाही. कन्येने प्रत्येक बोटीवर वडी नेऊन दिली आणि गोड बोलण्याचे वचन इंग्रजीत घेतले.

या शेजारात एक वृद्ध माल्टीज कोळी होता. त्याची स्वतःची 'लुत्सू' होती. लुत्सू म्हणजे तेथील पारंपरिक मच्छिमार होडी. निळ्या, पिवळ्या, तांबड्या पट्ट्यांनी रंगविलेली आणि पुढच्या टोकास दोन्ही बाजूंना डोळे काढलेली. अरिष्ट दिसावे आणि टळावे म्हणून ते डोळे, अशी समजूत आहे. त्यांच्या भाषेत आजोबाला 'नन्नू' म्हणतात. आमच्या मुलांनी त्याचा लगेच नाना करून टाकला. आमच्याशी न बोलणारे आमचे चिरंजीव शाळेतून आले की तडक नानाच्या होडीवर जाऊन बसत. तेथे ते जाळे विणावयास, गाठी मारावयास आणि वारा ओळखावयास शिकत होते. आम्हांस हे दिसत होते, आणि अंतःकरणात कोठेतरी खुपतही होते. एका परक्या म्हाताऱ्यापाशी हा मुलगा तासन् तास बोलतो आणि बापापाशी त्याला दोन शब्द सापडत नाहीत!

माल्टात वाऱ्यांना नावे आहेत. वायव्येचा तो 'मय्यिस्त्राल', आग्नेयेचा दमट तो 'श्लॉक', आणि ईशान्येचा तो 'ग्रीगाल'. या ग्रीगालचे भय सर्वांत अधिक, कारण बेटाची मोठी बंदरे नेमकी ईशान्येकडे तोंड करून आहेत. बाहेरचा उसळता समुद्र बंदराच्या मुखातून आत शिरतो आणि वळत वळत आतल्या खाड्यांपर्यंत येतो. आमची बोट तिकडच्या रीतीप्रमाणे बांधलेली होती. मागचा भाग सिमेंटच्या धक्क्याकडे, दोन दोरांनी; आणि पुढचा भाग पाण्याकडे, तेथून दोन जाड दोर समुद्राच्या तळाशी असलेल्या साखळीपर्यंत गेलेले. भरती-ओहोटी तेथे वीतभरच, म्हणून मुंबईसारखे दोर सैल-घट्ट करीत बसावे लागत नाही. परंतु यामुळेच मनुष्य गाफील होतो. दोर एकदा बांधले की पुन्हा पाहिले जात नाहीत. सारा प्रश्न त्या पुढच्या दोन दोरांचा असतो. ते तुटले तर बोट मागे सरकून धक्क्यावर आपटते आणि आधी सुकाणू जाते, मग तळ फुटतो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एके सायंकाळी चिरंजीव आपण होऊन आमच्यापाशी आले. कित्येक आठवड्यांत असे घडले नव्हते. ते म्हणाले, "बाबा, पुढचा उजवीकडचा दोर कडेच्या लोखंडी खोबणीत घासतोय. आतले धागे दिसायला लागलेत." आम्ही कचेरीतून थकून आलो होतो. जाऊन पाहण्यास दोन मिनिटे लागली असती. परंतु आम्ही काय म्हणालो? "बावीस वर्षे समुद्रावर काढली आहेत मी. दोर मला शिकवू नकोस. तुझा गणिताचा अभ्यास झाला का?" मुलगा जसा आला तसा परत गेला. हे वाक्य आज या व्यासपीठावरून पुन्हा उच्चारताना आमची मान खाली जात आहे. विशेष म्हणजे ते खरेही नव्हते. आमची बावीस वर्षे यंत्रांपाशी गेली. दोर हे आमचे क्षेत्रच नव्हते. परंतु बापाने आपले अज्ञान मुलापुढे कबूल करावयाचे नसते, अशी आमची समजूत होती.

योगायोग पाहा. त्याच आठवड्यात, १० फेब्रुवारीस, माल्टात संत पॉलच्या जहाजफुटीचा उत्सव असतो. वालेटाच्या अरुंद रस्त्यांतून मूर्तीची मिरवणूक निघते, गच्च्यांवरून कागदाच्या पताकांचा वर्षाव होतो. नानाने आम्हां सर्वांस तेथे नेले आणि ती कथा सांगितली. ख्रिस्ती धर्मग्रंथात ती आहे. पॉलला कैदी म्हणून रोमला नेत होते. हिवाळा जवळ आला होता. क्रीट बेटाच्या एका बंदरात जहाज थांबले असता पॉल म्हणाला, पुढे जाऊ नका, जहाज आणि माणसे दोन्ही संकटात येतील. परंतु पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने कैद्याच्या बोलण्यापेक्षा तांडेलाचे आणि जहाजमालकाचे मत अधिक मानले. कैद्याचे कोण ऐकणार? पुढे ईशान्येचे वादळ उठले, कित्येक दिवस सूर्य-तारे दिसले नाहीत, आणि जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर फुटले. जहाजावरची २७६ माणसे मात्र वाचली. बेटवासीयांनी पावसात भिजलेल्या त्या परक्या लोकांसाठी शेकोटी पेटविली. तीन महिने तेथे काढून, त्याच बेटावर हिवाळ्यासाठी थांबलेल्या दुसऱ्या एका जहाजातून ते पुढे गेले. कथा ऐकून आम्ही मोठ्या रसिकतेने मान डोलावली. तो अधिकारी किती मूर्ख, असेही म्हणालो. चिरंजीवांनी त्या वेळी आमच्याकडे एकदा पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस दोन आठवड्यांनी कळला.

शनिवार, २३ फेब्रुवारी २०१९. वादळाची सूचना दोन दिवस आधीपासून होती. आम्ही वरची शिडे उतरवून ठेवली, बोटीवरचे सुटे सामान आत घेतले, मागचे दोर दुहेरी केले. पुढच्या दोरांकडे पाहिले, ते दुरूनच. सायंकाळी ग्रीगाल सुरू झाला. रात्री दहाच्या सुमारास त्याचा आवाज बदलला. शेकडो डोलकाठ्यांतून वारा वाहताना जो स्वर निघतो तो शिट्टीचा राहत नाही, तो हुंदक्याचा होतो. बोट पुढे जाई, दोर ताणून धरीत, आणि धक्का देऊन मागे येई. आत कोणाला उभे राहवेना. सौभाग्यवती कन्येला घट्ट धरून बसल्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत रामरक्षा म्हणत होत्या.

मध्यरात्र उलटून गेल्यावर बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. पुढचा उजवा दोर तुटला होता. बोट एकदम तिरपी झाली आणि मागे सरकू लागली. त्या क्षणी आम्हांस ठाऊक होते की, आता चार-पाच हातांवर धक्का आहे, आणि त्यानंतर आपली मुले या काळ्या पाण्यात आहेत. आम्ही यंत्र सुरू करण्यासाठी धावलो. परंतु यंत्र सुरू होण्याआधीच बोटीला एक हिसका बसला आणि ती थांबली! दोन हात मागे सरकली होती, त्याहून अधिक नाही. आम्हांस अर्थबोध होईना. यंत्र पुढच्या गतीत ठेवून आम्ही हाती विजेरी घेऊन रांगत पुढच्या टोकाला गेलो. तुटलेल्या दोराचे टोक लोखंडी खोबणीत लोंबत होते, नेमके त्याच ठिकाणी. आणि त्याच्या शेजारून, आम्ही कधीही न बांधलेला एक दुसरा दोर कडेवरून खाली पाण्यात गेला होता. जेथे तो कडेला टेकत होता तेथे त्यावर जुन्या रबरी नळीचा तुकडा चढविलेला होता, म्हणजे घासू नये. तो ताठ ताणलेला होता आणि आमचे सारे घर त्या दोरावर उभे होते.

मागे वळून पाहिले, तो चिरंजीव पाठोपाठ रांगत आलेले. कमरेला सुरक्षेचा पट्टा अडकवूनच आले होते, तो आम्ही घाईत विसरलो होतो. त्यांच्या हाती आणखी एक दोर होता. वाऱ्यात बोलणे शक्यच नव्हते. त्यांनी हाताने खूण केली, आम्ही तसे केले. त्या रात्री पहाटेपर्यंत ते सांगत होते आणि आम्ही करीत होतो. दर अर्ध्या तासाला जाऊन दोर तपासावयाचा, नळीचा तुकडा सरकला असेल तर नीट बसवावयाचा. यंत्राने बोटीला पुढे ढकलून दोरांवरचा ताण कमी करावयाचा, ते काम तेवढे आमचे.

उजाडल्यावर बेटाची दशा दिसली. झाडे उन्मळून पडली होती, किनाऱ्यालगतचे रस्ते दगडमातीने भरले होते, बेटांमधली बोटवाहतूक बंद होती. शेमशिया नावाच्या गावी तर समुद्राने मासे उचलून रस्त्यावर आणून टाकले होते आणि लोक ते पिशव्यांत भरून नेत होते. हे गाव ज्या उपसागरावर आहे, त्याला संत पॉलचेच नाव आहे. आमच्या धक्क्यावरही काही बोटींची हानी झाली, परंतु माणसे सुखरूप होती.

चहा घेताना आम्ही चिरंजीवांस विचारले, "तो दुसरा दोर केव्हा बांधलास?"

"तुम्ही ऑफिसात होतात तेव्हा. नानाच्या होडीतून पुढे गेलो. दोर नानाचाच आहे, जुना. घासला होता त्याच्या पुढे गाठ मारली आणि दुसऱ्या खुंटाला बांधला. थोडा सैल ठेवला, म्हणजे पहिला तुटला तरच ताण येईल."

"मला सांगितले का नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सांगितलं होतं, बाबा."

बंधुभगिनींनो, याला उत्तर नव्हते. आम्ही त्याच्यापुढे हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणीही आणले नाही. आमच्या पिढीला ते येत नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "माझी चूक झाली. आणखी काही सांगायचे राहिले आहे का?" आणि मग, सहा-सात महिने जे त्याच्या मनात साचले होते, ते तो बोलला. त्याला दहावीचे वर्ष ठाण्यास आजीजवळ राहून पुरे करावयाचे होते. समुद्राचा त्याला कंटाळा नव्हता, उलट ओढच लागली होती. परंतु त्याच्या आयुष्याचा निर्णय त्याला न विचारता घेतला गेला, हे त्याला सलत होते. सौभाग्यवती तेथेच बसलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हेच मी ऑगस्टपासून तुम्हांला सांगते आहे." तेही खरे होते. सांगितले होते. आम्ही ऐकले नव्हते.

६ एप्रिल २०१९ रोजी गुढीपाडवा होता. आम्ही लांब आकडीच्या काठीला सौभाग्यवतींचे जरीचे पातळ बांधले, वर तांब्या उपडा घातला, कडुनिंब मिळाला नाही म्हणून नानाने त्याच्या अंगणातली ऑलिव्हची डहाळी आणून दिली, आणि डोलकाठीला टेकवून गुढी उभारली. जुने रोमन समुद्र मार्चमध्ये उघडत. आमचा तो पाडव्याला उघडला. त्या दिवशी दुपारी प्रथमच शीड लावून आम्ही बंदराबाहेर पडलो. सुकाणू चिरंजीवांच्या हाती होते, नाना शेजारी, आणि आम्ही ज्या दोराला हात लावावयास सांगतील त्या दोरापाशी. बंदराच्या मुखाशी कन्येने समुद्राला नारळ अर्पण केला. तिच्या आजीने दूरध्वनीवरून तशी ताकीदच दिली होती.

जून महिन्यात मुले व सौभाग्यवती परत आल्या. चिरंजीवांनी दहावी आजीपाशी राहूनच केली. आमचा करार संपताच आम्हीही बोट विकून आलो. बोटीबरोबर दोर विकावयाचे असतात, परंतु नानाचा तो जुना दोर आम्ही सोडवून बरोबर आणला. तो आमच्या बैठकीच्या खोलीत खुंटीला टांगलेला आहे. येणारे-जाणारे विचारतात, हे काय? आम्ही सांगतो, ही आमची पदवी.

आपल्या ज्ञातीत वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याची परंपरा आहे आणि ती राहिलीच पाहिजे. आम्ही स्वतः आता त्या वडीलधाऱ्यांतच जमा आहोत. परंतु मान आणि अनुभव या दोन वस्तू एक नव्हेत, आणि एका क्षेत्रातला अनुभव दुसऱ्या क्षेत्रात चालतोच असेही नाही. मुलामुलींचे शिक्षण, त्यांचे विवाह, घर कोठे करावयाचे, या गोष्टी ठरविताना आपण पुष्कळदा सर्वांना बोलावतो, पण ज्याचे आयुष्य त्यालाच विचारीत नाही. विचारले तरी उत्तर ऐकण्याआधी "अभ्यास झाला का?" असे म्हणून मोकळे होतो. मुले एकदा सांगतात, दोनदा सांगतात, मग सांगणे सोडतात. आमच्या नशिबाने आमचा मुलगा सांगणे सोडूनही दोर बांधीत राहिला. प्रत्येक घरी तसे होईलच, याची हमी कोणी द्यावी?

या निमित्ताने कार्यकारी मंडळाला एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या मंडळात पंचविशीच्या आतील निदान दोन सभासद असावेत, आणि सभेत त्यांनी प्रथम बोलावे, ज्येष्ठांनी शेवटी. आधी आपण बोललो, की पुढे कोणी बोलत नाही, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

असो. वेळ पुष्कळ घेतला. आमचे चिरंजीव आज याच सभागृहात मागच्या रांगेत बसले आहेत. हे व्याख्यान देण्यापूर्वी आम्ही ते त्यांना वाचून दाखविले आणि त्यांची अनुमती घेतली. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचविल्या, त्या दोन्ही दोराच्या गाठीविषयी होत्या, आणि आम्ही त्या निमूटपणे करून घेतल्या.